फवारणी पंपाची गळती : वायसर, आटे आणि अडॅप्टर बसवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीनवर पहिली फवारणी सुरू झाली की कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ सगळीकडून एकच तक्रार ऐकू येते : पंप गळतोय. कुणाची फवारा चालू-बंद करायची चावी गळते, कुणाचं झाकण, कुणी नोजल लावायची नवी दांडी आणलेली असते आणि ती जुन्या पंपाला बसत नसते. पाठीवरचा हातपंप, चार्जिंगचा पंप आणि एचटीपी (इंजिनवर चालणारा जास्त दाबाचा पंप) या तिन्हींबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. बहुतेक वेळा नट ढिला नसतोच. पाणी ज्या जागेनं अडवायचं, ती जागाच बिघडलेली किंवा चुकलेली असते.

पंप थोडासा गळतो. चालतंय की! एवढं मनावर का घ्यायचं?

कारण ते पाणी नाही, औषध आहे, आणि ते तुमच्या अंगावर गळतंय. कीटकनाशक पोटात गेलं तरच बाधतं असा समज अजून पक्का आहे. प्रत्यक्षात फवारणी करणाऱ्याच्या शरीरात औषध मुख्यतः कातडीतून जातं. पाठीवरच्या टाकीतून झिरपलेलं औषध कमरेपर्यंत उतरतं, चड्डीच्या नाडीपाशी साचतं आणि तिथून जांघेत जातं. जांघेतली कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पटीनं जास्त औषध शोषते. वर घाम आलेला असतो, कापड ओलं असतं आणि ते चार-पाच तास अंगाला चिकटून राहतं.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याला कारणं अनेक होती, एकट्या गळक्या पंपावर ते ढकलता येणार नाही. पण फवारताना अंगावर आलेलं औषध माणसाला कुठवर नेऊ शकतं, हे त्या हंगामानं महाराष्ट्राला दाखवलं. पंप तुमचा असेल आणि फवारणारा माणूस रोजंदारीवरचा असेल, तर गळती काढायची जबाबदारी पूर्ण तुमची. तो बिचारा बोलत नाही, पाठीला प्लास्टिकचा कागद बांधतो आणि कामाला लागतो. कागद बांधावा, चांगलाच आहे, पण गळती काढून मग बांधावा.

गळती नेमकी कुठून होते ते कसं शोधायचं?

औषध घालून कधीच शोधू नका. टाकी तीन पाण्यानं धुऊन घ्या, निम्मी स्वच्छ पाण्यानं भरा आणि पंप बाहेरून कोरड्या फडक्यानं खडखडीत पुसा. मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवा. आता पंप तीन अवस्थांत बघायचा. आधी दाब न देता दहा मिनिटं नुसता ठेवायचा. मग चावी बंद ठेवून दाब द्यायचा. शेवटी चावी उघडून फवारा चालू करायचा. नुसता ठेवल्यावर कागद ओला झाला तर दोष टाकीत, बुडाच्या जोडात किंवा नळी टाकीला जिथं जोडलेली असते तिथं. दाब दिल्यावरच गळलं तर नळी, चावी, दाबाची कोठी यांपैकी काहीतरी. फवारा चालू असतानाच गळलं तर चावीच्या पुढचा भाग, म्हणजे दांडी आणि नोजल.

पाणी खाली दिसतं तिथून ते सुटलेलं असेलच असं नाही. नळीवरून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या नटावरून ठिबकतं, मग बिचाऱ्या त्या नटाला पान्हा लागतो. म्हणून वरच्या जोडापासून सुरुवात करा. प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागदी रुमाल गुंडाळा आणि कुठला आधी भिजतो ते बघा.

नट आवळला तरी गळतंय. अजून आवळू का?

नाही. आधी नट पूर्ण उघडा आणि आत बघा.

जोडात पाणी दोन प्रकारांनी अडतं. एका प्रकारात वायसर (चपटी चकती) किंवा ओ-रिंग (गोल रबरी कडी) दोन सपाट तोंडांच्या मध्ये दाबली जाते आणि तीच पाणी अडवते. आट्यांचं काम फक्त दाबून धरायचं. फवारणी पंपाचे जवळजवळ सगळे जोड असे असतात : नोजलची टोपी, दांडी आणि चावीचा जोड, नळीचा नट, टाकीचं झाकण. दुसऱ्या प्रकारात आटेच निमुळते असतात, एकमेकांत रुततात, आणि उरलेली फट टेप किंवा सुतळी भरून बंद होते. घरातली पाण्याची लोखंडी पाइपलाइन अशी असते.

पहिल्या प्रकारचा जोड गळत असेल तर आवळून काहीच होत नाही. वायसर नसेल, दुमडली असेल, कडक झाली असेल किंवा तोंडावर मातीचा कण असेल, तर नट कितीही फिरवला तरी फट राहणारच. उलट प्लास्टिकचा नट मुळाशी चिरतो. ती चीर केसाएवढी असते, दाब नसताना मिटते, म्हणून डोळ्याला दिसत नाही. मग वायसर बदलली तरी गळतं आणि माणूस हैराण होतो. संशय असेल तर नट हातात घेऊन उजेडासमोर धरा आणि दोन बोटांनी किंचित दाबा, चीर उघडेल.

प्लास्टिकचा नट हातानंच आवळायचा. हात थांबला की फार तर पाव फेरा. त्याला पक्कड लावावी लागते आहे, म्हणजे आत काहीतरी चुकलेलं आहे.

टेफ्लॉन टेप कुठं लावायची आणि कुठं नाही?

जिथं आटे पाणी अडवतात तिथंच लावायची. एचटीपीच्या पितळी जोडांत, मोटारीच्या पाइपात, ठिबकच्या व्हॉल्व्हला टेप हवी. वायसर किंवा ओ-रिंग असलेल्या जोडाला टेप लागत नाही. नोजलच्या टोपीला टेप गुंडाळायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती सोडा. टेपमुळे टोपी पूर्ण बसत नाही, वायसर हवी तेवढी दाबली जात नाही, आणि टेपचे तुटलेले तुकडे वाहत जाऊन नोजलच्या छिद्रात अडकतात. फवारा एका बाजूला फेकायला लागला की माणूस नोजल बदलतो, खरं कारण टेप असते.

लावायची तिथं अशी लावा. बाहेरचे आटे असलेलं टोक तुमच्याकडे करा आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळा, म्हणजे नट फिरवताना ती सुटत नाही, आणखी आवळते. पहिला आटा मोकळा सोडा. टेप ताणून, आट्यांत रुतेल अशी घ्या. बाजारात मिळणारी पातळ टेप असेल तर चार-पाच वेढे पुरतात. जोड आवळल्यावर दिशा जुळवण्यासाठी तो थोडा उलटा फिरवू नका. उलटा फिरवला की टेपची पकड गेली, मग उघडून नवी टेप लावायची.

वायसर, ओ-रिंग कुठली घ्यायची? दुकानदार तर म्हणतो सगळ्या सारख्याच.

सारख्या नसतात. काळं रबर दिसायला एकच, पण आतला माल वेगळा असतो.

नायट्राइल रबर तेल-ग्रीसला टिकतं आणि स्वस्त मिळतं, पंपांत बहुधा तेच असतं. ईपीडीएम पाण्याला आणि उन्हाला उत्तम, पण तेलकट द्रावकात फुगतं. व्हायटॉन महाग आहे, पण कीटकनाशकातल्या जहाल द्रावकांना तेच सर्वांत चांगलं तोंड देतं. बाटलीवर नावापुढे ईसी लिहिलेलं असतं ती औषधं पेट्रोलियमपासून काढलेल्या द्रावकात विरघळवलेली असतात, आणि पाण्यात मिसळली की दूध होतं. हीच औषधं रबराला खातात. वायसर फुगते, मऊ होते, खाचेतून बाहेर येते, आणि वाळल्यावर आक्रसून कडक होते. तुम्ही ईसी औषधं वरचेवर मारत असाल आणि चावीतली ओ-रिंग दर हंगामाला जात असेल, तर त्या एका जागी व्हायटॉन घाला. सगळ्या पंपभर घालायची गरज नाही.

माप घेताना नुसता आतला व्यास सांगून भागत नाही. ओ-रिंगची जाडीही लागते. जाडी थोडी कमी पडली तर रिंग खाचेत बुडते आणि दाबलीच जात नाही. जास्त झाली तर नट बसत नाही किंवा रिंग कापली जाते. रिंग बसल्यावर तिच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा दाबला जावा. जुनी रिंग दबून चपटी झालेली असते, म्हणून तिच्या मापावर पूर्ण विसंबू नका, खाचेची रुंदी आणि खोलीही मोजा. व्हर्नियर नसेल तर जुनी रिंग आणि ती जिथं बसते तो भाग, दोन्ही दुकानात घेऊन जा.

नवी ओ-रिंग घातली तरी पहिल्याच दिवशी गळली. असं का?

बसवताना कापली गेली असणार. रिंग आट्यांवरून सरकवत नेताना आट्याची धार तिला चिरते. आट्यांवर कागद किंवा टेपचा एक वेढा घ्या, त्यावरून रिंग सरकवा आणि कागद काढून टाका. रिंगला थोडं सिलिकॉन ग्रीस किंवा साबणाचं पाणी लावा. कोरडी रिंग नट फिरवताना पिळली जाते आणि एका बाजूला उचलते. खाच आधी कापडानं पुसा. जुनी रिंग काढताना स्क्रूड्रायव्हर वापरू नका, खाचेत ओरखडा पडतो आणि त्याच ओरखड्यातून पाणी वाट काढतं. बांबूची काडी किंवा दात कोरायची काडी पुरते.

दुसऱ्या कंपनीची दांडी आणली, ती आमच्या चावीला बसत नाही. अडॅप्टर लावला तर चालेल का?

चालेल, पण आटे खरंच जुळतात का ते बघून. सगळ्यात जास्त गळती इथंच होते, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडचे पाइपाचे आटे बहुतेक बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे असतात. बाहेरून आलेल्या यंत्रांवर एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे आटे असू शकतात, आणि पाठीवरच्या पंपांच्या नळ्यांवर मिलिमीटरचे आटेही असतात. बीएसपी आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६० अंश. पाव इंची जोडात बीएसपीला इंचाला १९ आटे असतात आणि एनपीटीला १८. त्यामुळे दोन-तीन फेरे नीट जातात आणि मग अडकतं. अडकलं की माणसाला वाटतं घट्ट बसलं. अर्ध्या आणि पाऊण इंचीत तर दोन्हींना इंचाला १४ आटे आहेत. ते सरळ आत जातात, छान बसल्यासारखे वाटतात, पण कोन वेगळा असल्यामुळे आट्यांच्या टोकांशी बारीक वाट उरते. टेप लावून साध्या दाबाला ते दबून जातं. एचटीपीच्या दाबाला ती वाट पुन्हा उघडते.

घरी तपासायची सोपी पद्धत अशी : दोन्ही तुकड्यांचे बाहेरचे आटे एकमेकांना लावून उजेडासमोर धरा. कंगव्यात कंगवा बसावा तसे दाते पूर्ण लांबीभर बसले पाहिजेत. मध्ये उजेड दिसला तर आटे वेगळे. आतले आटे असतील तर ओल्या साबणाच्या वडीवर ठसा घेऊन तो जुळवा. हातानं फिरवताना जोड निदान चार फेरे अलगद गेला पाहिजे. पहिल्याच फेऱ्यात जोर लागला तर थांबा, एकतर आटे वेगळे आहेत किंवा आटा तिरका धरला आहे.

अडॅप्टर घेताना आणखी दोन गोष्टी बघा. पहिली : वायसर बसायला त्याच्या तोंडावर सपाट बैठक आहे का? स्वस्त अडॅप्टरांना आटे असतात, बैठक नसते. मग वायसर कडेवर टेकते आणि तिथंच कापली जाते. दुसरी : धातू आणि प्लास्टिक. पितळी निमुळते आटे प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत आवळले की पाचरीसारखं काम होतं आणि प्लास्टिक फुटतं. प्लास्टिकचे बाहेरचे आटे पितळी आट्यांत गेलेले चालतात. उलटं करायची वेळ आलीच तर सरळ आट्याचा, वायसरवर टेकणारा अडॅप्टर घ्या.

अडॅप्टरला अडॅप्टर जोडत बसू नका. प्रत्येक जोड ही गळायची नवी जागा. शिवाय लांब पितळी दांडीचं वजन त्या साखळीच्या टोकाला लोंबतं आणि प्लास्टिकच्या चावीची मान हलून हलून तुटते. दोन लागत असतील तर चावीच बदला, स्वस्त पडतं.

अडॅप्टर बाजारात मिळत नाही. उद्यमनगरात लेथवर करून घेऊ का?

जरूर. कोल्हापुरात ही सोय आहे ती वापरा. शिवाजी उद्यमनगरात असा तुकडा काढून देणारे हात आहेत, फक्त त्यांना नीट सांगा. तोंडी माप देऊ नका. ज्या दोन भागांमध्ये अडॅप्टर जायचा ते दोन्ही भाग आणि वायसरी सोबत न्या. माल पितळ किंवा स्टेनलेस स्टील सांगा. साधं लोखंड किंवा ॲल्युमिनियम नको. बोर्डो मिश्रण, मोरचूद यांसारखी ताम्रयुक्त औषधं या दोन्ही धातूंना खातात. बैठकीचं तोंड गुळगुळीत मागा. त्यावर लेथच्या हत्याराच्या गोलगोल रेषा राहिल्या तर पाणी त्या रेषेतून फिरत बाहेर येतं. आतलं भोक आधीच्या भोकापेक्षा लहान होऊ देऊ नका, नाहीतर दाब तिथं तुंबतो आणि मागचा जोड गळायला लागतो. मग दोष अडॅप्टरचा आणि शोध मागच्या नळीत, असं होतं.

नळी तोटीवरून निसटते किंवा क्लिपपाशी पाझरते.

नळीचं टोक कडक झालं असेल तर दोन बोटं लांबीचा तुकडा कापून टाका. कापताना ते सरळ कापा, तिरकं नको, धारदार पात्यानं. टोक गरम पाण्यात मिनिटभर धरून तोटीवर पूर्ण मुळापर्यंत ढकला. तेल लावू नका, नळी पुढं तेलावरूनच घसरते. क्लिप तोटीच्या फुगीर कंगोऱ्याच्या मागं यायला हवी, अगदी कंगोऱ्यावर नको आणि नळीच्या कडेलाही नको. तारेनं बांधलेली नळी तारेखाली कापली जाते, स्क्रूची क्लिपच वापरा. नळी रुतून फुगेपर्यंत क्लिप आवळली की तीही आतून चिरते.

झाकण लावलेलं असतं, तरी वाकलं की मानेवर औषध येतं.

आधी झाकण बसवण्याची पद्धत बदला. झाकण टाकीवर सपाट ठेवा आणि आधी उलटं, म्हणजे उघडायच्या दिशेनं, हळूच फिरवा. एका जागी ते किंचित खाली बसल्याचं हाताला कळतं, कधी टक असा आवाजही येतो. तिथून सुलटं फिरवा. आटा तिरका जात नाही आणि वायसर सगळीकडून सारखी दाबली जाते. मोठ्या तोंडाच्या प्लास्टिक झाकणाला दरवेळी असंच लावा.

एवढं करून गळत असेल तर झाकणावरचं हवेचं छिद्र बघा. टाकीतलं पाणी कमी होतं तशी आत हवा जायला लागते. त्यासाठी झाकणात एक छोटी रबरी पाकळी असते, ती हवा आत घेते आणि पाणी बाहेर सोडत नाही. ती फाटली किंवा पावडर औषधाच्या राबड्यानं उघडीच चिकटून राहिली की वाकल्यावर औषध थेट मानेवर येतं. काहीजण ते छिद्र एम-सीलनं बुजवतात. मग टाकीत हवा जात नाही, टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात आणि फवारा मरतो. पाकळी साबणाच्या पाण्यानं धुवा, फाटली असेल तर नवी घाला. आणि टाकी खुणेच्या वर भरू नका. सोळा लिटरच्या टाकीत अठरा लिटर कोंबून खेपा वाचत नाहीत.

चार्जिंगच्या पंपाचं बूड ओलं असतं.

हे थांबवून ठेवू नका, खाली बॅटरी आहे. बूड उघडायच्या आधी टाकी रिकामी करून धुवा आणि बॅटरीची वायर काढा. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर दिसला तर गळती जुनी आहे. आत मोटारीला जोडलेला पडद्याचा छोटा पंप असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना नळ्या असतात. आधी त्या दोन नळ्यांचे जोड बघा, बहुधा तिथंच काम होतं. ते कोरडे असून पंपाच्या डोक्याच्या सांध्यातून पाणी येत असेल तर डोक्याचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. तरीही थांबलं नाही तर पडदा फाटला आहे, तो संच बदलावा लागेल.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली राहिलेले काही पंप अजून वापरात आहेत. त्यांच्या नळ्यांत आणि झडपांत बसलेला बारीक गाळ पूर्ण निघत नाही. अशा पंपात नुसत्या वायसरी बदलत राहण्यापेक्षा सगळ्या नळ्या आणि झडपा एकदाच बदललेल्या बऱ्या.

चावी बंद केली तरी नोजल ठिबकत राहतं.

दांडीत उरलेलं पाणी असेल तर काही क्षणांत थांबतं. मिनिटभरानंतरही ठिबकत असेल तर चावीच्या आतला गोटा किंवा त्याखालची बैठक खराब आहे, किंवा मध्ये कचरा आहे. चावी उघडून स्प्रिंग, गोटा आणि बैठक धुवा. नोजलजवळ बसवायची थेंबरोधक झडपही मिळते, दाब कमी झाला की ती आपोआप बंद होते. तणनाशक मारणाऱ्यानं ती बसवावीच, कारण सरी बदलताना पडलेला थेंबसुद्धा पीक जाळतो.

नोजल तोंडानं फुंकू नका, तारही घालू नका. जुना दात घासायचा ब्रश पाण्यात बुडवून वापरा.

हुमणीच्या (मुळं खाणाऱ्या अळीच्या) आळवणीला नोजल काढतो. नंतर परत लावलं की गळतं.

वायसर सरीत पडली. दरवर्षी हेच होतं. उसाच्या बुडाशी औषध सोडताना नोजल काढलं जातं, टोपी खिशात जाते, आणि टोपीतली वायसर चिखलात. नोजल काढण्याआधी पंप बंद करून दाब सोडा, टोपी तळहातावर उलटी धरून उघडा, आणि वायसर, गाळणी, नोजल एकत्र झाकणाच्या डबीत ठेवा. परत बसवताना क्रमही तोच हवा. गाळणीची कडा काही पंपांत स्वतःच वायसरचं काम करते, ती विसरली तरी गळतं.

टाकीला चीर गेली. काय लावू?

ह्या टाक्या ज्या प्लास्टिकच्या असतात त्याला एम-सील, फेविक्विक असलं काही धरत नाही. वरवर चिकटतं आणि भरल्या टाकीच्या वजनानं सुटतं, तेही पाठीवर असताना. गरम हवेनं त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून जोड देता येतो, पण चीर बुडाजवळ किंवा जोडाच्या मुळाशी असेल तर टाकी बदला. त्या टाकीत औषध नको आणि जनावरांचं पाणीही नको.

एचटीपीच्या नळीला बारीक पिचकारी लागली आहे. बोट लावून बघितलं तर चालेल?

अजिबात नाही. एचटीपी दर चौरस सेंटिमीटरला २० ते ४० किलो दाबावर चालतो. सुईएवढ्या भोकातून सुटलेली औषधाची धार कातडी भेदून आत जाऊ शकते. बाहेर फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत औषध असतं. असं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा. भोक शोधायचं तर इंजिन बंद करा, फवारणीच्या बंदुकीतून दाब सोडा, आणि कमी दाबावर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवून बघा. भोकाचा भाग कापून मध्ये पितळी जोड आणि दोन्ही बाजूंना क्लिपा लावा. वर सायकलची ट्यूब गुंडाळून काम भागवू नका. सरळ आट्यांच्या जोडाला आतल्या कडेला रबर असलेली धातूची डाउटी वायसर मिळते, साध्या फायबरच्या वायसरीपेक्षा ती या दाबाला जास्त दिवस टिकते.

एकच पंप तणनाशकाला आणि कीटकनाशकाला वापरला तर?

उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी वायसरी, नळी आणि गाळणीत अंश राहतो. तोच पंप पुढं टोमॅटो, वांगी किंवा सोयाबीनवर गेला की पानं वाकडी होतात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगानं मोठी खूण करा, आणि त्याच्या वायसरी दुसऱ्या पंपाला लावू नका. धुतलेलं पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा पंचगंगेच्या काठाला ओतू नका. ज्या पिकावर फवारलं त्याच पिकावर ते मारून संपवा.

फवारताना पाठ भिजली. आता काय करू?

पंप तिथंच उतरवा, सरी पूर्ण व्हायची वाट बघू नका. ओले कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्यानं अंग धुवा, जांघ, काखा, नखं आणि केसांसकट. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. घाम आणि लाळ सुटणं, मळमळ, डोळ्यांपुढं धूसर होणं, स्नायू फडफडणं, छाती आवळणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. कोल्हापुरात असाल तर सीपीआर रुग्णालयात. औषधाची बाटली किंवा निदान लेबल सोबत न्या, डॉक्टरांना उपचार त्यावरून ठरवता येतो. लेबलवर लाल त्रिकोण असेल तर अंगावर थेंब पडला तरी गंभीर धरा.

हंगाम संपल्यावर पंप ठेवायचा कसा? पुढच्या वर्षी सगळ्या वायसरी कडक झालेल्या असतात.

शेवटची फवारणी झाल्यावर तीन वेळा पाण्यानं धुवा आणि प्रत्येक वेळी ते पाणी नोजलमधून बाहेर काढा, टाकी नुसती उलटी करून भागत नाही. पंप बंद करून चावी दाबा, म्हणजे नळीतला दाब सुटेल. झाकण, चावी आणि नोजलची टोपी अर्धा फेरा ढिली करून ठेवा, वायसरी दबून चपट्या होणार नाहीत. नळी मोडून नाही, मोठा गोल वेढा करून टांगा. पत्र्याच्या शेडखाली, उन्हाच्या तिरिपेत पंप ठेवला तर प्लास्टिक ठिसूळ होतं. बॅटरी काढून घरात ठेवा आणि अधूनमधून चार्ज करा.

घरात कुठले सुटे भाग असावेत?

नोजलच्या वायसरी, चावीची ओ-रिंग, झाकणाची मोठी वायसर, हवेच्या छिद्राची पाकळी, एक जादा गाळणी, दोन क्लिपा आणि सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी. पंपाची कंपनी आणि मॉडेल एका चिठ्ठीवर लिहून त्याच डब्यात टाका. सुट्या वायसरी खुंटीला उन्हात टांगू नका, त्या वापरण्याआधीच तडकतात. झाकण घट्ट लागणारा डबा घ्या आणि तो औषधांच्या बाटल्यांपासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा.